न दिसणारे ओझे

तुरीच्या हंगामात अकोल्याच्या बाजार समितीच्या आवारात उभे राहिले, तर पाठीवर पोते घेऊन चालणारे हमाल दिसतात. पोत्याचे वजन किती, हे विचारण्याचे कारण पडत नाही. काटा शेजारीच असतो. शिवाय हमालाची वाकलेली पाठ आणि कपाळावरचा घाम पाहून ओझ्याचा अंदाज कोणालाही बांधता येतो. परंतु काही ओझी अशी असतात, की ती ज्याच्यावर पडतात तो मनुष्य खुर्चीवर स्वस्थ बसलेला दिसतो. त्याची पाठ वाकत नाही, पाय लटपटत नाहीत, आणि जगातल्या कोणत्याही काट्यावर ते ओझे चढवता येत नाही. तरीही ते मोजावे लागते. कारण ते पेलेनासे झाले, तर त्या एका माणसाचेच नव्हे, त्याच्या मागे बसलेल्यांचेही प्राण धोक्यात येतात. अशाच एका ओझ्याची आणि ते मोजण्यासाठी माणसांनी केलेल्या खटपटीची ही हकिगत आहे.

दर्यापूर-अकोट रस्त्यावरील एका गावी मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेच्या मैदानावर एकदा हेलिकॉप्टर उतरले. गावात जाहीर सभा होती. आदल्या दिवशी माणसे येऊन मैदानावर चुन्याचे मोठे वर्तुळ आखून गेली. वर्तुळाच्या मध्ये त्यांनी इंग्रजी 'एच' हे अक्षर काढले, वाऱ्याची दिशा कळावी म्हणून बांबूला कापडी नळा बांधला आणि सकाळी टँकरने पाणी मारले. महिना एप्रिलचा. आपल्या वऱ्हाडातील काळी माती त्या दिवसांत कशी भुकटी होते, हे तुम्हांस सांगावयास नको. पाणी मारले होते ते वर्तुळापुरते. बाहेरची माती कोरडीच होती. हेलिकॉप्टर खाली येऊ लागले तसा पंख्याचा वारा जमिनीवर आपटून चहूकडे पसरला आणि बघता बघता धुळीचा असा लोट उठला, की हेलिकॉप्टर, झेंड्याचा खांब, शाळेची इमारत, सारे दिसेनासे झाले. थोड्या वेळाने यंत्राचा आवाज बदलला, धूळ खाली बसली, तेव्हा हेलिकॉप्टर वर्तुळाच्या अगदी मध्यावर उभे होते.

सातवीतला एक मुलगा माझ्याजवळ उभा होता. तो म्हणाला, "सर, थो पायलट त नुसता बसूनच रायते. सारं काम त पंखाच करते!"

मला चटकन उत्तर सुचले नाही. पाहुणे सभेस निघून गेले आणि वैमानिक कडुनिंबाखालच्या बाकावर येऊन बसला. शिपायाने चहा आणून दिला. मी त्या मुलास तेथे नेले आणि त्याचाच प्रश्न त्यास पुन्हा विचारावयास लावला. वैमानिक मराठी बोलणारा होता. तो हसला आणि म्हणाला, "एखादी लांब काठी आण बरे." मुलाने वर्गातून नकाशावर दाखवावयाची काठी आणली. "ती तळहातावर उभी धर." मुलाने धरली, काठी डोलत होती, तसा तो हात इकडेतिकडे नेत होता. "आता सतराचा पाढा म्हण." सतरा चोक अडुसष्टपर्यंत गाडी कशीबशी गेली. मग पाढा थांबला आणि पाठोपाठ काठीही पडली.

"तुला पाढा येत नाही का?"

"येते ना! सत्राचा त मले पाठ हाये."

"आणि काठी जड होती का?"

"नाही."

"मग झाले काय? तुझे सगळे लक्ष काठीने खाल्ले; पाढ्याला उरलेच नाही. माझे काम असेच आहे. फक्त माझी काठी अडीच टनांची आहे, आणि मला पाढाही म्हणावाच लागतो."

हे अडीच टनांचे यंत्र हवेत कसे तोलले जाते, ते थोडक्यात पाहू. हेलिकॉप्टर चालवणाऱ्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी कामात गुंतलेले असतात. डाव्या हाताशी एक दांडा असतो. त्यास कलेक्टिव्ह म्हणतात. तो वर ओढला, की डोक्यावरच्या पंख्याची सगळी पाती एकदम अधिक तिरपी होतात, हवा अधिक जोराने खाली ढकलली जाते आणि यंत्र वर उचलले जाते. उजव्या हातात दुसरा दांडा असतो. त्याचे नाव सायक्लिक. तो ज्या बाजूस कलवावा, त्या बाजूस पंख्याची फिरती तबकडी कलते आणि यंत्र तिकडे सरकते. पायांखाली दोन पेडल असतात आणि त्यांचा संबंध शेपटीजवळच्या लहान पंख्याशी असतो. मोठा पंखा एका दिशेने फिरतो, तेव्हा हेलिकॉप्टरचे धड उलट दिशेने फिरू पाहते. त्यास आवरून धरणे हे शेपटीच्या पंख्याचे काम.

आता गंमत अशी (गंमत आपल्याला, वैमानिकाला नव्हे), की यांपैकी कोणतीही एक गोष्ट एकटी करता येत नाही. डावा दांडा वर ओढला, की मोठ्या पंख्यावरचा जोर वाढतो आणि धड फिरू लागते. ते थांबवण्यासाठी पेडल दाबावे, तर शेपटीचा पंखा सगळे यंत्रच एका बाजूस ढकलतो. ते रोखण्यासाठी उजवा दांडा कलवावा, तर पंख्याचा थोडा जोर तिकडे खर्ची पडतो आणि यंत्र किंचित खाली येऊ लागते. म्हणून पुन्हा डावा दांडा. हे चक्र अखंड चालू असते. हवेत एका जागी स्थिर उभे राहणे पाहणाऱ्यास सर्वांत सोपे वाटते, आणि शिकणाऱ्यास तेच फार कठीण जाते.

त्यात आपला उन्हाळा. तापलेली हवा विरळ असते. १५ अंशांची हवा ४५ अंशांपर्यंत तापली, तर तेवढ्याच जागेतील तिचे वस्तुमान सुमारे ९ टक्क्यांनी घटते. अकोल्याच्या मे महिन्यात पंख्यास पकडावयास हवाच कमी मिळते. तेवढेच वजन उचलण्यास यंत्राची अधिक शक्ती लागते आणि वैमानिकाच्या हाती राखीव शक्ती थोडी उरते. मग चुकीला जागा राहत नाही. शेवटी धूळ. स्थिर आहोत की सरकत आहोत, हे वैमानिकास कळते ते जमिनीवरच्या खुणांवरून. एखादे झुडूप, एखादा दगड, खांब. धुळीने त्या खुणा पुसल्या, की यंत्र बाजूला सरकत असतानाही आपण जागच्या जागी आहोत असा भास होऊ शकतो. जगातल्या वाळवंटी प्रदेशांत कित्येक हेलिकॉप्टरे केवळ अशा धुळीमुळे उतरताना आपटून मोडली आहेत. आणि एवढे सगळे चालले असता कानांत रेडिओवरचे बोलणे असते, समोर इंधन, वेग, उंची, यंत्राचे तापमान दाखवणाऱ्या तबकड्या असतात. वैमानिकाचा 'पाढा' तो हाच.

आमच्या मैदानावर हेलिकॉप्टर वर्तुळाच्या बरोबर मध्यावर उतरले होते. बाहेरून पाहणाऱ्याने त्यास शंभरापैकी शंभर गुण दिले असते. धूळ नसती आणि वारा पडलेला असता, तरी ते तेथेच उतरले असते आणि तेव्हाही गुण शंभरच पडले असते. म्हणजे काम किती चांगले झाले, एवढेच पाहून ते किती जड गेले हे कळत नाही. कुशल मनुष्य आपली सगळी ताकद पणास लावून वाईट परिस्थिती भरून काढतो आणि बाहेर काही दिसू देत नाही. दिसते ते एकदम, ताकद संपते तेव्हा. आणि मग फार उशीर झालेला असतो. म्हणून मोजावयाचे ते कामाचे फळ नव्हे. काम चालू असताना माणसाजवळ शिल्लक काय राहिले, ते मोजावयाचे.

हे तुम्ही स्वतःही पाहिलेले आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्यास जाणाऱ्या एस. टी. मध्ये चालकाच्या मागच्या बाकावर बसून पाहा. सपाटीवर चालक आणि वाहक यांच्या गोष्टी चाललेल्या असतात. घाट लागला, की चालकाची उत्तरे आखूड होतात; मग नुसते "हं"; आणि अवघड वळणावर तेही नाही. कोणी भांडण केलेले नसते. समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरांच्या वर चढणाऱ्या त्या रस्त्याने त्याच्या लक्षाचा सगळा साठा घेतलेला असतो. चालकाशी बोलू नये अशी सूचना गाडीत लिहिलेली असते, तिच्यामागे हेच शास्त्र आहे.

शास्त्रज्ञांनीही हीच युक्ती उचलली. मुख्य काम चालू असताना एक दुय्यम काम द्यावयाचे आणि ते किती बिघडते ते पाहावयाचे. जमिनीवर उभ्या असलेल्या, उड्डाणाचा हुबेहूब आभास निर्माण करणाऱ्या सिम्युलेटर नावाच्या यंत्रात हे निर्धास्तपणे करता येते. दिवा लागला की बटण दाब, आकडा ऐकला की त्यात तीन मिळवून सांग, असे काहीही. पण खऱ्या उड्डाणात? धुळीत उतरणाऱ्या वैमानिकास बेरजा विचारणे म्हणजे तोल साधणाऱ्या डोंबाऱ्यास हाक मारण्यासारखेच. तेव्हा तेथे वेगळे दुय्यम काम द्यावयाचे नाही, त्याच्या कामातले जे आहे तेच पाहावयाचे. रेडिओवर विचारलेल्या प्रश्नास उत्तर द्यावयास त्यास किती वेळ लागला? नेहमी लगेच उत्तर देणारा मनुष्य थांबला का? त्यास प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागला का? हे क्षण नोंदले, की ओझ्याचा आलेख आपोआप तयार होतो.

दुसरा मार्ग म्हणजे ज्याच्यावर ओझे आहे त्यालाच विचारणे. हा मार्ग साधा वाटतो, परंतु "जड गेले का?" या प्रश्नास "थोडेसे" असे उत्तर आले, तर त्यातून काय कळणार? एकाचे थोडेसे दुसऱ्याचे फार असते. अमेरिकेतील जॉर्ज कूपर आणि रॉबर्ट हार्पर या दोघांनी १९६९ साली यावर एक तोडगा प्रसिद्ध केला. त्यांनी १ ते १० आकड्यांची एक पट्टी तयार केली. १ म्हणजे उत्तम, १० म्हणजे यंत्र ताब्यातच राहत नाही. मात्र आकडा एकदम विचारावयाचा नाही. आधी काही प्रश्न, ज्यांची उत्तरे फक्त 'होय' किंवा 'नाही' अशीच द्यावयाची: यंत्र ताब्यात राहते का? सोसण्याजोग्या श्रमांत पुरेसे चांगले काम होते का? काही सुधारणा न करता समाधान होते का? एकेका उत्तराबरोबर वाट फुटत जाते आणि शेवटी दोनतीन आकडेच निवडावयाचे राहतात. ही पट्टी मुख्यतः यंत्राची परीक्षा करणारी होती. तिच्याच धर्तीवर इंग्लंडातील बेडफर्ड येथील सरकारी विमानसंशोधन केंद्रात, तेथील परीक्षण-वैमानिकांच्या मदतीने, माणसावरील भार मोजणारी पट्टी घडवण्यात आली. बेडफर्ड पट्टी याच नावाने ती ओळखली जाते.

बेडफर्ड पट्टीचा सगळा भर 'शिल्लक' या एका कल्पनेवर आहे. १ ते ३ या आकड्यांत भार समाधानकारक आहे. हातचे काम करून आणखी जे करावेसे वाटेल त्यास अवधान पुरते. ४ ते ६ मध्ये भार सोसवतो, पण शिल्लक आटत चालली आहे. इतर कामांकडे हवे तसे पाहता येत नाही. ७ ते ९ मध्ये काम पार पडते, पण भार सोसण्यापलीकडे गेला आहे. ९ म्हणजे शिल्लक शून्य, आणि एवढी मेहनत पुढच्या क्षणी निभेल की नाही याचीच शंका. १० म्हणजे काम सोडून द्यावे लागले. या पट्टीची मोठी सोय अशी, की वैमानिकास एक आकडा तेवढा बोलावयाचा असतो. एखादी कृती पुरी झाली, यंत्र सुरक्षित झाले, की तो हवेतच "पाच" म्हणतो आणि जवळचा माणूस लिहून घेतो.

एका आकड्याने मात्र भार किती ते कळते, कशाचा ते कळत नाही. ही उणीव सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी भरून काढली. हे दोघे नासा या अमेरिकन संस्थेच्या कॅलिफोर्नियातील एम्स संशोधन केंद्राशी संबंधित होते, आणि त्यांची पद्धत १९८८ साली प्रसिद्ध झाली. त्यांनी ओझ्याची सहा पोती केली: बुद्धीचे श्रम, शरीराचे श्रम, वेळेची घाई, काम किती साधले, त्यासाठी किती झटावे लागले, आणि मनास झालेला वैताग. प्रत्येकास ० ते १०० पर्यंत गुण द्यावयाचे. 'काम किती साधले' येथे गुण उलटे असतात. काम जितके फसले तितका आकडा मोठा. मग सहांपैकी दोन दोन गोष्टी समोर ठेवून, या कामात या दोहोंपैकी अधिक महत्त्वाची कोणती, असे विचारावयाचे. सहा गोष्टींच्या जोड्या किती होतात? ६ गुणिले ५, भागिले २, म्हणजे १५. जी गोष्ट जितक्या वेळा निवडली गेली, तितके तिचे वजन.

एक उदाहरण करून पाहू. समजा, एका वैमानिकाने बुद्धीचे श्रम पाच वेळा निवडले, घाई चार वेळा, झटणे तीन वेळा, काम साधणे दोन वेळा, शरीराचे श्रम एकदा, आणि वैताग एकदाही नाही. वजनांची बेरीज १५ झाली. गुण त्याने अनुक्रमे ८०, ७०, ६०, ३०, ४० आणि ५० दिले. आता गुणाकार करा: ४००, २८०, १८०, ६०, ४० आणि ०. बेरीज ९६०, तिला १५ ने भागले की ६४. त्या उड्डाणाचा भार ६४. हा हिशेब तुमच्या वहीतही बसतो, आणि हीच पद्धत पुढे हेलिकॉप्टरच्या बाहेर पडून रुग्णालयांतील शस्त्रक्रिया, मोटारी आणि कारखाने येथपर्यंत पोचली.

तथापि माणसाच्या सांगण्यावर किती विसंबावे? वैमानिक अभिमानी असतात. आपणांस जड गेले हे कबूल करणे काहींच्या जिवावर येते. परीक्षेहून आलेल्या विद्यार्थ्यास पेपर कसा गेला असे विचारून पाहा, म्हणजे हे ध्यानात येईल. शिवाय उतरल्यावर अर्ध्या तासाने मधला एखादा कठीण क्षण विसरलेलाही असतो. म्हणून तिसरा मार्ग शरीराकडे जातो, कारण शरीर भिडस्त नाही.

मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजा. शांत बसल्यावर ठोके जवळजवळ सारख्या अंतराने पडतात असे वाटते, पण ते सारखे नसतात. श्वास आत घेताना ते किंचित जलद होतात, सोडताना किंचित मंद. मन एखाद्या कठीण कामात गुंतले, की ठोक्यांची संख्या वाढते आणि हे चढउतार कमी होतात. वैमानिकाच्या छातीवर लहानशा चकत्या चिकटवल्या, की सगळ्या उड्डाणभर हे टिपून ठेवता येते. बेडफर्डच्या संशोधन केंद्रात ॲलन रॉस्को या डॉक्टरांनी परीक्षण-वैमानिकांच्या हृदयाच्या ठोक्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. पहिली शंका अर्थातच अशी आली, की ठोके वाढतात ते कामामुळे की भीतीमुळे? ती सोडवण्याची युक्ती सुंदर आहे. विमानात दोन वैमानिक शेजारी शेजारी बसलेले असतात. विमान पडले तर दोघांनाही सारखेच पडावयाचे आहे. परंतु उतरताना ज्याच्या हाती यंत्र असते, त्याचे ठोके अधिक वाढतात. नुसत्या बसलेल्याचे तितके वाढत नाहीत. कामे बदलली, की ठोक्यांचे मानही बदलते. केवळ भीतीच कारण असती तर असे झाले नसते.

डोळेही पुष्कळ सांगतात. पाहण्याचे काम कठीण झाले, की मनुष्य पापण्या कमी वेळा मिटतो. मेंदूस श्रम पडले, की डोळ्यातील बाहुली किंचित मोठी होते. हातांची साक्ष वेगळी असते. दांडा दर सेकंदास किती वेळा आणि किती मागेपुढे झाला, हे यंत्रच नोंदवून ठेवू शकते. परंतु यांपैकी कोणताही साक्षीदार एकट्याने विश्वासाचा नाही. ठोके उकाड्यानेही वाढतात. बाहुली उजेडाने लहान होते. नवशिक्या दांडा उगीच फार हलवतो. यासाठी जाणते संशोधक वैमानिकाचा आकडा, शरीराची नोंद आणि कामातील उशीर ही तिन्ही एकत्र ठेवून पाहतात, आणि तिन्ही एकाच क्षणाकडे बोट दाखवू लागली तरच त्यावर विश्वास ठेवतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर इतिहासात आहे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकन सैन्याच्या मनात एक नवे हलके हेलिकॉप्टर बनवावयाचे होते आणि ते एकाच वैमानिकाने चालवावे असा विचार होता. एक माणूस कमी म्हणजे वजन कमी आणि खर्चही कमी. यंत्र अजून कागदावरच होते, त्यामुळे त्यात कोणास बसवून पाहणे शक्य नव्हते. तेव्हा संशोधकांनी लढाईतील उड्डाणाचे बारीक बारीक तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यात डोळ्यांवर किती, कानांवर किती, बुद्धीवर किती आणि हातापायांवर किती भार पडेल याचे आकडे मांडले. एकाच क्षणी येणाऱ्या भारांची बेरीज करून, ती कोठे कोठे मर्यादेबाहेर जाते हे पाहिले. एकच वैमानिक असला तर काय होईल आणि दोन असले तर काय होईल, याची तुलना केली. पुढे हे हेलिकॉप्टर 'कोमांची' या नावाने तयार झाले आणि जानेवारी १९९६ मध्ये प्रथम उडाले. त्यात आसने दोन होती. २००४ साली ती योजनाच बंद झाली, ही गोष्ट निराळी. पण यंत्र घडवण्याआधी त्यात बसणाऱ्या माणसाच्या शक्तीचा हिशेब मांडण्याची ती रीत टिकून राहिली. नवे उपकरण वैमानिकासमोर बसवावयाचे असले, तरी हाच प्रश्न येतो. रात्री पाहण्याचा चष्मा घ्या. अंधारात त्याने दिसते हे खरे, परंतु दृष्टीचा पल्ला साधारणपणे ४० अंशांवर येतो. जणू दोन नळकांड्यांतून जग पाहावे. आजूबाजूचे पाहण्यास मान सारखी फिरवावी लागते. एक ओझे उतरवताना दुसरे चढवले नाही ना, हे मोजल्यावाचून कळत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही या ओझ्याचे रोजचे वाहक आहेत. मुंबईच्या जुहू विमानतळावरून हेलिकॉप्टरे अरबी समुद्रातील मुंबई हाय या तेलक्षेत्राकडे माणसे घेऊन जातात. हे क्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर आहे. जाताना बराच वेळ खाली पाणी आणि वर आकाश, दुसरे काही नाही. येथे ओझे उलट दिशेने त्रास देते. काम फार थोडे असले, की लक्ष सुस्तावते आणि तेही धोक्याचेच. मग एकाएकी समोर लोखंडी मनोरा, त्यास लागून उतरण्याचा छोटासा चौथरा, आणि मनोऱ्याच्या आडून गरगरत येणारा समुद्राचा वारा. पट्टीवरचा आकडा दोनवरून सातवर जाण्यास फार वेळ लागत नाही. पावसाळ्यात तर विचारूच नका.

नाशिक येथे भूसेनेच्या हेलिकॉप्टर वैमानिकांना शिकवणारी संस्था २००३ पासून आहे. मे २०२२ मध्ये तेथूनच शिक्षण पुरे करून कॅप्टन अभिलाषा बराक या आर्मी एव्हिएशन कोअरमधील पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. शिक्षण म्हणजे तरी काय? सायकल शिकताना पहिल्या दिवशी हँडल, पॅडल आणि तोल यांतच तुमचे सगळे मन बुडालेले होते. आज तुम्ही सायकलवरून जाता जाता मित्राशी गप्पा मारता. सायकल हलकी झालेली नाही. सवयीने हात आपले काम स्वतः करू लागले आणि मन मोकळे झाले. नाशिकचा विद्यार्थी पहिल्या आठवड्यात हेलिकॉप्टर एका जागी तोलताना घामाघूम होतो. काही महिन्यांनी तेच करीत असता रेडिओवर नीट उत्तरेही देतो. वैमानिकांच्या शरीरावर आणि मनावर उड्डाणाचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास करणारी वायुसेनेची एक स्वतंत्र संस्था बंगळुरू येथे १९५७ पासून कार्य करीत आहे.

आणि आपला वऱ्हाड? अमरावतीजवळ बेलोरा येथील विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची प्रवासी वाहतूक सुरू झाली, आणि तेथेच विमानचालकांची एक मोठी प्रशिक्षणशाळा उभारण्याचे कामही हाती घेण्यात आले. तेथे शिकावयाची ती पंखांची विमाने, हेलिकॉप्टरे नव्हेत; पण मनाचे ओझे दोहोंतही सारखेच असते.

आता पुन्हा कडुनिंबाखाली येऊ. चहा संपवताना वैमानिकाने त्या मुलास दहा आकड्यांच्या पट्टीविषयी दोन शब्द सांगितले. मी त्याबद्दल प्रथम ऐकले ते तेव्हाच, बाकीचे नंतर वाचले. मुलगा लक्ष देऊन ऐकत होता. त्याने विचारले, "मंग आजच्या उतरन्याले किती?"

"वरून येताना तीन. धूळ उठल्यावर शेवटचे दहा सेकंद, सात."

"अन् धूळ नसती त?"

"मग शेवटपर्यंत तीनच."

मुलगा काही बोलला नाही, उठून गेला. थोड्या वेळाने पाहतो, तर आमची सातवी आणि आठवी शाळेच्या बोअरवर रांग लावून उभी. बादल्या, घागरी, बागेची नळी, मिळेल ते घेऊन मुले चुन्याच्या वर्तुळाबाहेरची माती भिजवीत होती. वैमानिकाने उठून, कोणत्या बाजूस अधिक पाणी हवे ते हाताने दाखवले. ऊन कडक होते. एकीकडे मारलेले पाणी दुसरीकडे जाईपर्यंत सुकत होते, म्हणून सभा संपेपर्यंत मुले थांबली नाहीत. पाच वाजता हेलिकॉप्टर उठले, तेव्हा थोडी धूळ उडालीच. पण झेंड्याचा खांब आणि शाळेची इमारत या वेळी सबंध वेळ दिसत होती.